प्लस बॉडीला : सावेडी ते मिरजगाव, एका इंग्रजी मोटारीतून

अर्जदार : दामोदर काशीनाथ वडाळकर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा अर्जलेखन, राहणार नगर, बैठक कचेरीच्या फाटकासमोरील लिंबाखाली, शिक्षण इयत्ता सातवी, परीक्षेस प्रत्यक्ष बसलेला.

सामनेवाली : हिरव्या रंगाची, दोन आसनांची, इंग्लंडात तयार झालेली उघडी मोटार, तिच्या पोटाखाली बसविलेल्या पेट्रोलच्या विजेच्या पंपासह.

साक्षीदार : (१) सर्जेराव म्हस्के, सैन्याच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले हवालदार. (२) रशीदभाई, इंजिन दुरुस्त करणारे, मौजे रुईछत्तिशी. (३) मिरजगावच्या बाजारास त्या दिवशी आलेली समस्त मंडळी.

काळ : सन १९७१, माघ महिना, गुरुवार सकाळ ते शनिवार दुपार.

ही यादी आरंभीच देण्यास कारण आहे. हल्ली छापून येणारी प्रवासवर्णने मी वाचतो. लेखक काश्मिरास जातो, तळे पाहतो, गहिवरतो आणि परत येतो. तळ्याकाठी त्याच्यासोबत कोण होते, वार कोणता होता, गहिवर किती वाजता आला, यांपैकी कशाचाही पत्ता नसतो. अशा मजकुरावर न्यायाधीश तर राहोच, पट्टेवालाही विश्वास ठेवणार नाही. मी सोलापूर रस्त्याने मिरजगावापर्यंतच जाऊन आलो. परंतु जे लिहितो आहे ते शाबीत करून देण्याची माझी तयारी आहे.

प्रवासाचे कारण असे घडले. हवालदार म्हस्के हे माझ्याकडे नोकरीचा अर्ज लिहवून घेण्यास आले. मिरजगावच्या बाजूस एका सहकारी संस्थेने ट्रक व ट्रॅक्टर दुरुस्तीचे वर्कशॉप नव्याने काढले होते आणि तेथे फोरमनची एक जागा होती. हवालदारांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. ती दोन्ही वर्षे ते एका गोदामावर पहारेकरी होते. अर्ज सांगताना मध्येच थांबून त्यांनी आपले दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "हे बघा भाऊसाहेब, पांढरं फेक. दोन वर्सं ग्रीस लागलं न्हाई. बायको म्हणती आता तुमी साहेबावानी दिसता. मला त्येचीच लाज वाटती."

हे वाक्य मी अर्जात घेतले नाही, कारण अर्जात लाजेस स्थान नसते. त्याऐवजी 'प्रस्तुत अर्जदार यांत्रिक कार्याविना व्याकुळ आहे' असे अडीच पानी, निर्दोष लिहून दिले.

संस्थेचे चेअरमन आबासाहेब यांनी अर्ज वाचला असावा, असे मानण्यास आधार नाही. त्यांनी अट घातली. सावेडीच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी हौसेने एक इंग्रजी मोटार घेतली होती. ती सहा वर्षे शेडमध्ये उभी होती व नगरच्या चार मिस्त्र्यांना तिने दाद दिली नव्हती. ती मोटार शनिवारी बारा वाजता, संस्थेची बैठक भरण्यापूर्वी, स्वतःच्या बळावर वर्कशॉपच्या दारात आली, तर जागा हवालदारांची. न आली तर दुसऱ्या उमेदवाराची. दुसरा उमेदवार आबासाहेबांचा सख्खा भाचा. त्याच्या अंगी यंत्रज्ञान कितपत आहे याची चौकशी मी पुढे मिरजगावात केली. त्याला मोटारीत बसता उत्तम येते, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले.

मोटारीची ताबा पावती कायदेशीर भाषेत असावी, अशीही आबासाहेबांची इच्छा होती. सबब तीन प्रती, शाईची दौत आणि मी, असे हवालदारांच्या शेजारच्या आसनावर स्थानापन्न झालो.

गुरुवार : सावेडी ते रुईछत्तिशी

सावेडी हे नगरचे नवे अंग. कालपरवापर्यंत जेथे बाजरी डोलत होती तेथे आता बंगले उभे राहत आहेत, आणि प्रत्येक बंगल्याच्या फाटकावर मालकाच्या नावापेक्षा त्याच्या पदव्या लांब आहेत. डॉक्टरांनी मोटार दाखविली ती एखाद्या घराण्याची सोयरीक जुळविताना मुलगी दाखवावी तशी. रंगाविषयी पुष्कळ बोलले, वेगाविषयी बोलले, विलायतेतील कुळाविषयी बोलले. ती सुरू का होत नाही, एवढ्या एकाच विषयावर मौन पाळले.

हवालदारांनी आदल्या आठवड्यातच तिचे इंजिन खोलून, पुसून, जोडले होते. बॅटरी आसनांच्या मागे एका फळीखाली होती. त्या फळीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने, ब्रशाने, ठळक अक्षरांत लिहिले होते : 'प्लस बॉडीला. बदलू नये. हवालदार म्हस्के.'

मी याविषयी खुलासा मागितला. विजेचे मला जुजबी ज्ञान आहे, कारण वीज मंडळाविरुद्ध मी आजवर असंख्य तक्रारी लिहिल्या आहेत. बॅटरीला दोन टोके असतात, एक अधिक व एक उणे. आपल्याकडे चालणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांत उणे टोक गाडीच्या लोखंडी अंगाला बांधतात, हे मी स्वतः पाहिले होते. या मोटारीत मात्र अधिक टोक अंगाला बांधले होते.

"जुन्या विंग्रजी गाड्या अशाच असत्यात," हवालदार म्हणाले. "तसं केलं की तारंला गंज कमी चढतो, असं आमाला शिकवताना सांगायचे. खरं खोटं तो साहेब जाणं. आपून कशाला हात लावा?"

दुसरी गोष्ट पंपाची. ट्रकचा पंप इंजिन फिरले की पेट्रोल ओढतो. या मोटारीचा पंप विजेचा, मागच्या चाकाजवळ, खाली दडविलेला. किल्ली फिरविली की तो टक टक टक असा वाजू लागतो, पेट्रोल पुढे चढले की आवाज मंदावतो आणि थांबतो. हवालदार या आवाजाकडे वैद्य नाडीकडे लक्ष देतो तसे कान देऊन बसत. टक टक सुरूच राहिली तर कोठेतरी हवा ओढते आहे, आणि मुळीच आली नाही तर आतील, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या चिकटल्या आहेत, असे त्यांनी मला समजावले.

टिकल्या चिकटल्या तर उपाय काय, असे विचारल्यावर ते उत्तरले की पंपाला लाकडाने हलकेच मारायचे. ज्या साम्राज्याने आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले, त्या साम्राज्याची मोटार मारल्याशिवाय चालत नाही, हे ऐकून मला अनेक गोष्टींचा उलगडा झाला.

निघालो. मोटार इतकी ठेंगणी की लष्करी छावणीच्या हद्दीत समोरून आलेल्या सायकलस्वारालाही आम्ही मान वर करून पाहत होतो. छावणी संपता संपता पंप पहिल्यांदा मुका झाला. हवालदार उतरले, मागच्या चाकाशी पालथे झोपले आणि हातोडीच्या दांड्याने दोन टिचक्या मारल्या. टक टक सुरू झाली. असे रुईछत्तिशीपर्यंत पाच वेळा झाले. तिसऱ्या खेपेपासून मारण्याचे काम मी माझ्या वहाणेने केले व ते मला चांगले जमले.

येथे शहर आणि खेडे यांतील एक भेद नोंदवितो. नगरात मोटार बंद पडली की लोक फूटपाथवर उभे राहून सल्ला देतात. खेड्यात आधी येऊन ढकलतात आणि मग सल्ला देतात. सल्ल्याचा दर्जा दोन्हीकडे सारखाच.

रुईछत्तिशीच्या हॉटेलासमोर पंप सहाव्यांदा थांबला आणि वहाणेलाही जुमानेना. हवालदारांनी तो खोलला. आतील टिकल्या पार जळून काळ्या पडल्या होत्या. त्यांच्या घरी नगरला जुन्या सामानाच्या डब्यात तसल्या टिकल्यांचा एक जोड होता. शुक्रवारी सकाळच्या एसटीने जाऊन तो आणावा, सायंकाळपर्यंत परतावे आणि शनिवारी पहाटे निघावे, असे ठरले. एसटीला जो रस्ता दीड-दोन तासांचा, त्याच्या निम्म्यावर पोचण्यास इंग्लंडच्या कारागिरीने आम्हांस एक दिवस दिला होता.

रात्री हॉटेलवाले नामदेवराव यांनी बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी दिली. आमटी अशी की पहिल्या भुरक्यासरशी मला कानांच्या आतली रचना समजली. नगरात अर्धा कप चहा मागतात आणि अर्ध्याहून कमी मिळतो. येथे कप भरून बशीत सांडेपर्यंत ओततात आणि बशीतले मोजत नाहीत.

शुक्रवार : रुईछत्तिशी

हवालदार सकाळी एसटीने गेले. जाताना मला म्हणाले, "गाडीपाशी बसा, भाऊसाहेब. कुणाला हात लावू दिऊ नका." मी होकार दिला. तो होकार तोंडी होता.

गाडीपाशी गाव जमा झाले. त्यात रशीदभाई होते. हे गृहस्थ विहिरींवरची ऑइल इंजिने आणि परिसरातील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांनी फळी उचलली, बॅटरी पाहिली आणि कोणी उलटा सदरा घातलेला माणूस पाहावा तसे हसले.

"भाऊसाहेब, ट्रॅक्टरला बॉडीला मायनस. ट्रकला मायनस. एसटीला मायनस. मग हिलाच काय सोनं लागलंय?"

यावर गावात तट पडले. नामदेवराव हॉटेलवाले प्लसच्या बाजूने, कारण हवालदार त्यांच्याकडे जेवले होते. बाकी बहुतेक मायनसच्या बाजूने, कारण रशीदभाई त्यांची इंजिने दुरुस्त करीत. विजेच्या गुणधर्मावर कोणीच बोलत नव्हते. आपल्याकडील निवडणुका याच पद्धतीने होतात, म्हणून मला त्यात नवल वाटले नाही.

दुपारी नामदेवरावांच्या चुलत्यांनी रानात हुरड्यास नेले. शेणकुटांच्या आगटीत ज्वारीची कणसे खुपसून भाजायची, तळहातांत चोळून दाणे मोकळे करायचे, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि लसणीच्या चटणीसह खायचे. चोळणारा माणूस खात नाही, पाहुण्यांना देत राहतो. मला हे फार आवडले. नगरात जो चोळतो तो आधी स्वतः खातो. त्या चुलत्यांचे तळहात आगटीच्या आचेने काळे झाले होते. त्यांनी विचारले की मी काय काम करतो. सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी लोकांचं म्हननं तुमी नीट करून लिवता."

"नीट करून" हे शब्द माझ्या मनात बसले. खरोखरच, बावीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. पक्षकार उलटसुलट बोलतो आणि मी ते सुलट करून लिहितो. सातबारावर तलाठ्याने चुकीचे नाव चढविले तर त्याची दुरुस्ती माझ्या अर्जाने होते. मग एखाद्या फळीवर, एका निवृत्त हवालदाराने, अधिकाच्या जागी उणे लिहावयाचे ते चुकून राहून गेले असेल, तर ते तसेच राहू द्यावे काय? शिवाय पंपाच्या टिकल्या जळाल्या होत्या. वीज उलट दिशेने गेली तर जळणारच, असा तर्क मी केला. तर्कात दोष नव्हता. फक्त तो खरा नव्हता.

रानातून परतल्यावर मी रशीदभाईंना बॅटरी सरळ करण्यास सांगितले. ते मागे सरले. हसणे वेगळे आणि हात लावणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे पडले. हवालदार रागावतील, उद्या काही झाले तर नाव त्यांचे येईल. लेखी दिल्याशिवाय आपण पाना उचलणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

लेखी. हा शब्द ऐकून मला त्या माणसाविषयी आदर वाटला. मी तेथेच हॉटेलच्या बाकावर बसून, दौत उघडून, लिहून दिले : 'सदर वाहनाची बॅटरी चुकीने उलट जोडली असल्याचे निदर्शनास आल्यावरून, ती सरळ करण्यास याद्वारे परवानगी देण्यात येत आहे.' खाली सही, तारीख, स्थळ. परवानगी देण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे रशीदभाईंनी विचारले नाही. एवढे चांगले अक्षर असलेल्या माणसाला अधिकार असणारच, असे लोक धरून चालतात. माझा चरितार्थ त्यावरच चालतो.

बॅटरीच्या दोन खुंट्या सारख्या जाडीच्या नव्हत्या, त्यामुळे एका तारेची पट्टी सैल पडू लागली व दुसरीची बसेना. रशीदभाईंनी एकीत पत्र्याचा तुकडा घातला आणि दुसरी ठोकून बसविली. मोटार स्वतःच नको म्हणत होती, हे आता कळते. त्यावेळी मला तो केवळ इंग्रजी हट्ट वाटला. मग मी फळीवरील 'प्लस' शब्द शाईने खोडला, वर 'मायनस' लिहिले आणि नियमाप्रमाणे समासात आद्याक्षरे घातली. फळी बसविली आणि तीवर घोंगडी टाकली, कारण योग्य वेळी हवालदारांना चकित करावे अशी माझी इच्छा होती.

सायंकाळी हवालदार टिकल्यांचा जोड आणि रबरी नळीचे एक वेटोळे घेऊन उतरले. टिकल्या त्यांनी चाकाखाली झोपून, उजेड असेपर्यंत, बसविल्या. किल्ली फिरविताच टक टक अशी काही ठणठणीत सुरू झाली की मी रशीदभाईंकडे आणि रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिले. वस्तुस्थिती अशी की तो पंप कोणत्याही बाजूने वीज दिली तरी वाजतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. हवालदार वर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते हात धुण्यास त्यांनी पुष्कळ वेळ लावला, आणि मला वाटते, ते पुरते धुतलेही नाहीत.

शनिवार : रुईछत्तिशी ते मिरजगाव

उजाडता निघालो. इंजिन पहिल्या खेपेस सुरू झाले. गाव मागे पडले, हवालदारांनी वेग वाढविला आणि त्याच क्षणी समोरच्या तक्त्यावरील वीज दाखविणारा काटा कडेला जाऊन आपटला. पुढच्या आवरणाखालून धूर निघाला. रबर जळाल्याचा वास आला. हवालदारांनी मोटार थांबविली, उडी मारली, घोंगडी फेकली, फळी उपटली आणि नुसत्या हातांनी बॅटरीची तार ओढून काढली. हाताला चटका बसला असावा.

मग त्यांनी फळी वाचली. माझी दुरुस्ती आणि माझी आद्याक्षरे वाचली.

झाले काय ते त्यांनी मला नंतर, काम करता करता, अगदी शांतपणे सांगितले. मोटारीत वीज तयार करणारा डायनामो असतो. तो जुन्याच बाजूने वीज तयार करीत राहिला. बॅटरी मी फिरविली होती, डायनामोला कोणी कळविले नव्हते. वेग येताच दोघांची गाठ पडली आणि मधला वीज सांभाळणारा डबा व डायनामो दोन्ही जळाले. मी म्हणालो की आमचा हेतू उलटे होते ते सरळ करण्याचा होता.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "ही उलटी न्हवतीच. हिचं सरळ हेच हाय."

काय जळले, काय वाचले हे तपासता तपासता नऊ वाजले होते. बारापर्यंत मिरजगाव गाठायचे होते. हवालदारांनी बॅटरी पूर्ववत जोडली, डायनामोच्या तारा सोडून बाजूला बांधल्या. आता वीज तयार होणार नव्हती. बॅटरीत उरली होती तेवढ्यावरच जायचे, आणि ती जेमतेम होती. इंजिनातील ठिणगीला वीज लागणारच. पंपाला मात्र द्यायची नाही, असे त्यांनी ठरविले. मग पेट्रोल कसे चढणार, असे मी विचारले. त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिले.

पुढचे आवरण काढून मागे बांधले. समोरची काच आडवी पाडली. टाकीतून पेट्रोल एका तेलाच्या डब्यात काढले. रबरी नळीचे एक टोक डब्यात, दुसरे इंजिनाच्या पेट्रोल घेणाऱ्या तोंडाला. मी आसनाच्या पाठीवर चढून बसायचे आणि डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या उंचीवर धरायचा, म्हणजे पेट्रोल आपोआप खाली उतरेल. नळीतून पहिला घोट तोंडाने ओढण्याचे कामही माझ्याकडे आले. पेट्रोलची चव मी येथे वर्णन करीत नाही. ती दिवसभर टिकते एवढेच सांगतो.

अशा रीतीने घोगरगाव ओलांडले. डावीउजवीकडे काढणीला आलेली ज्वारी, वर मोकळे आभाळ, खाली उघडे तापलेले इंजिन आणि मध्ये डबा धरलेला मी. खड्डा आला की पेट्रोल माझ्या बाहीवर सांडे आणि मी मनातल्या मनात मृत्युपत्राचा मसुदा करी. औतावरचा एक शेतकरी बैल थांबवून पाहत राहिला आणि ओरडून विचारता झाला, "पाव्हनं, गाडीला सलाईन लावलंय व्हय?" हवालदार हसले नाहीत. ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. दोनदा थांबून मी डबा पुन्हा भरला, आणि इंजिन बंद पडू देऊ नये म्हणून त्या वेळी त्यांनी पाय ऍक्सिलरेटरवरून काढला नाही.

मिरजगावात बाजार होता. मोटार बाजारातूनच न्यावी लागली. हाटातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. कोणी म्हणाले सर्कस आली, कोणी म्हणाले निवडणूक आली. बारास दहा मिनिटे कमी असताना इंजिन शेवटचे आचके देत असता, पण चालू स्थितीत, आम्ही वर्कशॉपच्या दारात उभे राहिलो. हवालदारांनी किल्ली फिरवून मोटार बंद केली, घड्याळ पाहिले आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच मोठा श्वास सोडला. गाडी आली होती. स्वतःच्या बळावर आली होती.

आबासाहेब बाहेर आले. मागे भाचा. आबासाहेबांनी उघडे इंजिन, लोंबणाऱ्या तारा, नळी आणि उंचावर बसलेला मी, असे क्रमाने पाहिले.

"गाडी आली का पाजत आणली?" त्यांनी विचारले. मंडळी हसली. मग त्यांनी विजेचा जळका डबा पाहिला आणि हसणे थांबले. "हे कुणी जाळलं?"

येथे मी बोलावयास हवे होते. बावीस वर्षे मी दुसऱ्याच्या वतीने बोलतो आहे. ज्यांना शब्द फुटत नाहीत त्यांचे शब्द मी लिहितो. त्या क्षणी माझ्या हातात डबा होता, तोंडात पेट्रोलची चव होती, आणि समोर एक चेअरमन, सात संचालक व अर्धा बाजार उभा होता. मी डबा दोन्ही हातांनी वर धरूनच बसलो.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते म्हणाले, "गाडी माझ्या ताब्यात हुती, साहेब. जबाबदारी माझी."

आबासाहेबांनी मान हलविली, जणू त्यांना हवे ते मिळाले. गाडी आली खरी, पण अशी आली तर आली म्हणता येणार नाही, असे त्यांनी संचालकांकडे पाहून सांगितले. संचालकांनाही तसेच वाटले. मग त्यांनी मला ताबा पावती लिहिण्यास फर्मावले आणि मजकूर स्वतः सांगितला. मी डबा खाली ठेवला, दौत उघडली आणि लिहिले : 'डायनामो व संलग्न भाग जळालेले. कारण, चालकाचा निष्काळजीपणा.' सांगितले ते लिहिणे हा माझा धंदा आहे, असे मी स्वतःस म्हणालो. तीन प्रती केल्या. हवालदारांनी तिन्हींवर सही केली. अक्षरे एकेक करून, सावकाश, जशी त्यांनी फळीवर रंगविली होती तशी.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. घोगरगाव गेल्यावर मी म्हणालो की झाले ते वाईट झाले. हवालदारांनी खिशातून पावतीची आपली प्रत काढली, उलगडली, वाचली आणि पुन्हा घडी केली.

"अक्षर झाक हाय तुमचं, भाऊसाहेब," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

सध्या ते गोदामावर आहेत. भाचा फोरमन आहे. इंग्रजी मोटार वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी असून तिची बॅटरी नव्या फोरमनने पुन्हा मायनस बॉडीला जोडली आहे, असे खात्रीलायक कळते.

मागणी

सबब चेअरमन आबासाहेब यांस, व हे वर्णन वाचणाऱ्या संचालक मंडळातील ज्या कोणास वाचता येत असेल त्यांस, मी खाली सही करणारा पुढीलप्रमाणे कळवितो. शनिवारच्या ताबा पावतीतील 'चालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द खोटे आहेत. ते माझ्या हातचे आहेत व खोटे आहेत हे लिहिताना मला ठाऊक होते. बॅटरीची जोडणी बदलविली मी. हवालदार त्या वेळी नगरास होते. त्यांनी मनाई केलेली होती, ती लेखी होती आणि ती मी खोडली. रशीदभाईंना दिलेली माझ्या सहीची परवानगी त्यांच्याकडे आहे. मागितल्यास ते दाखवितील.

जळालेल्या यंत्रावर, मरत्या बॅटरीवर आणि मजसारख्या सहप्रवाशाला घेऊन जो माणूस ठरल्या वेळेआधी दहा मिनिटे दारात उभा राहिला, त्याच्याहून लायक फोरमन आपणांस मिळेल असे मला वाटत नाही. भाच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. त्यास मोटारीत बसू द्यावे.

तरी हवालदार सर्जेराव म्हस्के यांस कामावर बोलाविण्याचे पत्र थेट त्यांच्या नावे धाडावे. माझ्यामार्फत धाडू नये. मजविरुद्ध जी काही कारवाई करावयाची ती खुशाल करावी, तिचा अर्जही मी स्वतः, फी न घेता, लिहून देईन. पत्र धाडले किंवा नाही, एवढे होय अथवा नाही असे एका शब्दात कळवावे. मी कचेरीच्या वेळात लिंबाखाली असतो.

दा. का. वडाळकर